वारेतील लिंगभेदाविषयीचे संशोधन कसे वाचावे

मुलग्याची वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) आणि मुलीची वार वेगळ्या तऱ्हेने काम करते, आणि पन्नाशी-साठीत जडणाऱ्या उच्च रक्तदाबाचे मूळ या वेगळेपणात असू शकते, असे विधान आता वैद्यकीय नियतकालिकांपासून बातम्यांपर्यंत सर्वत्र आढळते. या विधानाच्या दोन्ही भागांना स्वतंत्रपणे आधार आहे. मात्र ते दोन भाग जोडणारा दुवा पुष्कळदा कच्चा असतो, आणि वाचणाऱ्याची फसगत होते ती नेमकी त्या दुव्यापाशी. ज्यांच्या हातात या विषयावरचा एखादा शोधनिबंध, त्यावर बेतलेली बातमी किंवा स्वतःच्या बाळंतपणानंतर आलेला वारेचा तपासणी-अहवाल आहे, त्यांनी तो कोणत्या क्रमाने वाचावा, कोणते प्रश्न विचारावेत आणि त्यातून कोणता निष्कर्ष काढू नये, हे येथे सांगितले आहे. जीवशास्त्राची शालेय ओळख असली की पुरे. संख्याशास्त्राचा जो थोडा भाग लागतो तो त्या त्या ठिकाणी समजावून दिला आहे.

वार कोणाची, हे आधी पक्के करावे

वार म्हणजेच प्लासेंटा आईच्या गर्भाशयात वाढते, म्हणून ती आईचा अवयव आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तिचा बहुतांश भाग गर्भाचा असतो. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पेशींचा जो पोकळ गोळा तयार होतो, त्याच्या आतल्या पेशीपुंजातून बाळ घडते आणि बाहेरच्या थरातून वारेच्या कार्यकारी पेशी, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, घडतात. दोन्हींचा उगम एकाच फलित बीजात असल्यामुळे बाळाच्या पेशींत एक्स-एक्स गुणसूत्रे असतील तर वारेतही तीच असतात, आणि एक्स-वाय असतील तर वारेतही एक्स-वाय. शंभरातील एखाद-दुसऱ्या गर्भारपणात वारेतील काही पेशींची गुणसूत्रे बाळापेक्षा वेगळी आढळतात, पण हा अपवाद आहे. आईचा वाटा असतो तो वारेला चिकटून येणाऱ्या गर्भाशयाच्या अस्तराचा आणि वारेच्या पोकळीतून खेळणाऱ्या रक्ताचा. ‘वारेचे लिंग’ असे शब्द वाचनात आले की त्यांचा अर्थ गर्भाच्या गुणसूत्रांचे लिंग एवढाच घ्यावा.

यानंतर निबंधात भेदाचे कारण काय दिले आहे ते पाहावे. कारणे मुख्यतः दोन गटांत मोडतात. पहिला गट गुणसूत्रांचा. स्त्रीच्या प्रत्येक पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बहुतांशी निष्क्रिय होते, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. पुढे असे दिसून आले की निष्क्रिय गुणसूत्रावरील काही जनुके गप्प बसत नाहीत. ती दोन्ही प्रतींतून काम करत राहतात, आणि त्यामुळे मुलींच्या पेशींत त्यांचे उत्पादन अधिक होते. वारेत अशा जनुकांना विशेष महत्त्व आहे. उदाहरणार्थ, स्पर्मीन नावाचा रेणू बनवण्यास लागणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक मुलींच्या वारेत दोन्ही प्रतींतून सक्रिय आढळले आहे. दुसरा गट संप्रेरकांचा. मुलग्याच्या गर्भातील वृषण सुमारे आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. म्हणजेच त्याआधीच्या वारेत भेद दिसत असेल तर त्याचे कारण वृषणांच्या संप्रेरकांत शोधून उपयोग नाही, ते गुणसूत्रांतच शोधावे लागेल. त्यानंतरच्या भेदात मात्र दोन्ही कारणे मिसळलेली असतात आणि ती वेगळी काढणे अवघड असते. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतच आईच्या रक्तातील एचसीजी हे वारेचे संप्रेरक मुलगी असताना सरासरीने जास्त असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. गुणसूत्रांच्या बाजूने हा बोलका पुरावा आहे.

कोणत्या आठवड्याची वार तपासली

या विषयावरचे बहुतेक संशोधन पूर्ण दिवसांच्या वारेवर झालेले आहे, आणि त्याचे कारण शास्त्रीय नसून सोयीचे आहे: प्रसूतीनंतर वार हाती येते, त्याआधी ती सहजासहजी मिळत नाही. परंतु नऊ महिन्यांनंतरची वार हा एका दीर्घ प्रक्रियेचा शेवटचा टप्पा असतो. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्ताचा पूर्ण प्रवाह वारेत खेळू लागतो, आणि विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भाशयातील नागमोडी धमन्यांच्या भिंती सैल व रुंद होण्याचे काम बव्हंशी आटोपते. पुढे उद्भवणाऱ्या अनेक विकारांची बीजे या काळातली असतात. तेव्हा शेवटच्या दिवशी दिसलेला भेद हे विकाराचे कारण आहे, विकाराचा परिणाम आहे, की विकाराशी जुळवून घेतल्याची खूण आहे, हे केवळ पूर्ण दिवसांच्या वारेवरून ठरवता येत नाही. निबंधात याची कबुली नसेल तर वाचणाऱ्याने ती स्वतः समासात लिहून ठेवावी.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रसूतीपर्यंत पोहोचलेले गर्भ हे जगलेले गर्भ असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की गर्भधारणेच्या क्षणी मुलगे आणि मुली यांचे प्रमाण जवळपास समान असते, पण पुढे गर्भ गमावण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलते: अगदी सुरुवातीला मुलग्यांचे गर्भ अधिक जातात, पहिल्या तिमाहीत एकूण पाहता मुलींचे, आणि शेवटच्या महिन्यांत पुन्हा मुलग्यांचे. ‘मुलग्याचा गर्भ मुळातच नाजूक’ हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य या चित्रापुढे फारच ढोबळ ठरते. जे गर्भ गळून गेले त्यांच्या वारा अभ्यासात येत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांची तुलना आपोआप एका बाजूला झुकते.

प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढून मूत्रपिंड, यकृत यांसारख्या अवयवांवर ताण येणारा विकार, हे याचे उत्तम उदाहरण आहे. २०१७ मध्ये अनेक देशांतील दोन लाखांहून अधिक जन्मांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, मुदतीपूर्वी प्रसूती झालेल्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण मुलगी असताना अधिक आढळले. वरवर पाहता हा निकाल मुलग्याच्या नाजूकपणाच्या कल्पनेला छेद देतो. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की वार नीट न रुजलेल्या गर्भारपणांत मुलग्यांचे गर्भ आधीच गमावले जातात आणि विकार प्रकट होण्याच्या वेळेपर्यंत मुलींचे अधिक टिकतात. हे स्पष्टीकरण खरे असो वा नसो, लिंगभेदाचा कोणताही आकडा वाचताना ‘यात कोण मोजले गेलेच नाही’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागावी.

वजन, क्षेत्रफळ आणि गुणोत्तर

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची आणि मध्यभागी सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीची असते. बाळाच्या वजनाच्या साधारण एक-षष्ठांश. वजन देताना नाळ आणि पडदे काढून टाकले होते का, साकळलेले रक्त पुसले होते का, वार ताजी होती की रसायनात ठेवलेली, हे निबंधाच्या पद्धती-विभागात शोधावे, कारण एवढ्या गोष्टींनीच वजनात पुष्कळ ग्रॅमचा फरक पडतो आणि मुलगे-मुली यांच्यातला सरासरी फरक त्याहून मोठा असेलच असे नाही.

मुलगे जन्मतः मुलींपेक्षा सरासरी शंभर ते दीडशे ग्रॅम वजनदार असतात, आणि वारेचे वजन समान धरले तर मुलग्याचे बाळ अधिक मोठे निघते. यावरून मुलग्यांची वार ‘अधिक कार्यक्षम’ आहे असे म्हटले जाते. येथे थांबून विचार करावा. जन्मवजनाला वारेच्या वजनाने भागून आलेले गुणोत्तर म्हणजे कार्यक्षमता नव्हे. ते कार्यक्षमतेचे अप्रत्यक्ष माप आहे. वार लहान राहिली म्हणून गुणोत्तर वाढू शकते आणि बाळ मोठे झाले म्हणूनही वाढू शकते, आणि या दोन परिस्थिती वैद्यकीयदृष्ट्या एकमेकींपासून फार दूर आहेत. म्हणून गुणोत्तर दिलेले असेल तेथे त्याचे दोन्ही घटक वेगवेगळे दिले आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते केवळ गुणोत्तरावर उभा असलेला निष्कर्ष बाजूला ठेवलेलाच बरा.

वारेचे माप आणि प्रौढ वयातील आरोग्य यांचा संबंध १९९० पासून गंभीरपणे तपासला जाऊ लागला. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे १९३५ ते १९४३ या काळात जन्मलेल्या ४४९ जणांचा पन्नाशीच्या आसपासचा रक्तदाब मोजला आणि जुन्या प्रसूती-नोंदींशी ताडून पाहिला. जन्मवजन कमी आणि वार मात्र मोठी, अशांचा रक्तदाब सर्वाधिक आढळला. पुढे फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्यांच्या नोंदींचा मोठा साठा उपलब्ध झाला. त्यात वारेच्या वजनाबरोबर तिच्या पृष्ठभागाची लांबी आणि रुंदीही लिहिलेली होती, ही संशोधकांच्या दृष्टीने मोठीच सोय. या नोंदींवर आधारलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात सुमारे ६२ वर्षे वयाच्या २००३ जणांचा अभ्यास आहे, आणि त्यांपैकी ६४४ जण उच्च रक्तदाबावर उपचार घेत होते. कमी जन्मवजनाचा उच्च रक्तदाबाशी संबंध स्त्री-पुरुष दोहोंत दिसला. त्यापलीकडे मात्र वाटा फुटल्या: पुरुषांत वारेच्या आखूड बाजूची लांबी (म्हणजेच तिची रुंदी) जास्त असण्याशी संबंध आढळला, तर स्त्रियांत वारेचे क्षेत्रफळ लहान असण्याशी. पुरुषांच्या बाबतीत आईची आर्थिक-सामाजिक स्थिती महत्त्वाची ठरली, स्त्रियांच्या बाबतीत आईची उंची. लेखकांनी त्यातून असे सुचवले, की मुलगे आईच्या त्या वेळच्या आहारावर अधिक विसंबून वेगाने वाढतात, त्यांच्या वारेत राखीव क्षमता कमी असते, आणि अन्न अपुरे पडले की शेवटच्या महिन्यांत वार वाढवून तूट भरून काढण्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

हा निबंध वाचण्याचा सराव म्हणून फार उपयुक्त आहे, कारण त्यात निरीक्षण, अर्थ लावणे आणि तर्क हे तीन थर स्पष्ट वेगळे काढता येतात. आखूड बाजूची लांबी आणि रक्तदाबाचा उपचार यांचा संबंध हे निरीक्षण. लांब आखूड बाजू म्हणजे शेवटच्या महिन्यांतली भरपाईची वाढ, हा अर्थ. वार वाढताना कोणी पाहिलेली नाही. आणि पुरुषांचे आयुष्य स्त्रियांपेक्षा कमी असण्याचे अंतिम कारण येथे असू शकेल, हा तर्क, जो लेखकांनीही शक्यतेच्या भाषेत मांडला आहे. बातमीत हे तिन्ही थर एकाच सुरात येतात. रंगीत पेन्सिलीने ते वेगळे अधोरेखित केले तर पुढचे निम्मे काम सोपे होते.

नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळाच्या नोंदी येथे पूरक ठरतात. त्या काळात जन्मलेल्या बाळांच्या वारांचे क्षेत्रफळ घटले होते आणि ही घट मुलग्यांत अधिक होती. दुष्काळ कोणी स्वतःच्या आवडीने निवडलेला नसल्यामुळे आहार आणि राहणी यांचा गुंता येथे काहीसा सुटतो. म्हणून अशा नोंदींना मी सामान्य निरीक्षणांपेक्षा अधिक वजन देतो.

‘मुलग्यांत परिणाम दिसला, मुलींत दिसला नाही’

या विषयातील सर्वांत वारंवार होणारी चूक या एका वाक्यात सामावलेली आहे, आणि वाचणाऱ्याने एकच कौशल्य आत्मसात करायचे ठरवले तर ते हे असावे. समजा, एखाद्या अभ्यासात आईला दमा असताना वारेचे वजन किती घटते हे पाहिले आहे. आकडे काल्पनिक घेऊ. मुलग्यांत ४० ग्रॅमची घट आढळली आणि तिच्या अंदाजाच्या मर्यादा, म्हणजे खरी घट ज्या पट्ट्यात असण्याचा संभव दाट आहे त्याची दोन टोके, ५ ते ७५ ग्रॅम आहेत. त्यात शून्य येत नाही, म्हणून निकाल लक्षणीय म्हटला जातो. मुलींत २८ ग्रॅमची घट आढळली आणि तिच्या मर्यादा ८ ग्रॅम वाढीपासून ६४ ग्रॅम घटीपर्यंत आहेत; त्यात शून्य येते, म्हणून निकाल लक्षणीय नाही. यावरून ‘दम्याचा परिणाम फक्त मुलग्यांच्या वारेवर होतो’ असा मथळा तयार होतो. पण खरा प्रश्न दोन परिणामांतील फरकाचा आहे. तो फरक १२ ग्रॅमचा आहे, आणि त्याच्या मर्यादा काढल्या तर त्या एका बाजूला सुमारे ३८ ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ६२ ग्रॅम इतक्या दूर जातात. म्हणजे फरक शून्य असू शकतो, उलटाही असू शकतो. दोन्ही लिंगांत परिणाम सारखाच आहे, ही शक्यता या आकड्यांनी मुळीच नाकारलेली नाही.

लिंग आणि परिस्थिती यांच्या परस्परक्रियेची चाचणी, म्हणजे दोन लिंगांतील परिणामांच्या फरकाचीच चाचणी, थेट केली आहे का, हे निबंधाच्या निकाल-विभागात शोधावे. ‘परस्परक्रिया’ किंवा ‘आंतरक्रिया’ या शब्दापुढे आकडा नसेल आणि मुलगे-मुली यांची दोन वेगळी कोष्टके तेवढी असतील, तर लिंगभेदाचा दावा सिद्ध झालेला नाही असे समजावे. ही तक्रार एकट्या वारेच्या संशोधनापुरती नाही. जीवशास्त्रातील अनेक शाखांमधील निबंध तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की लिंगानुसार परिणाम वेगळा असल्याचा दावा करणाऱ्या बहुसंख्य निबंधांत ही चाचणी योग्य रीतीने केलेलीच नव्हती.

याच्या उलटही घडते. परस्परक्रिया शोधायला नमुने पुष्कळ लागतात. पन्नास-साठ वारांच्या अभ्यासात ती सापडली नाही, म्हणजे ती नाही असे होत नाही. लहान अभ्यासाचा निकाल दोन्ही बाजूंनी सैल हातानेच धरावा.

‘डावपेच’ हा शब्द आला की

ऑस्ट्रेलियातील संशोधक व्हिकी क्लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा असलेल्या गर्भवतींच्या अभ्यासातून एक प्रभावी मांडणी केली आहे. वारेत एक विकर असते, जे आईच्या रक्तातून येणाऱ्या कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकाचे निष्क्रिय रूपात परिवर्तन करते आणि गर्भाला त्याच्या माऱ्यापासून वाचवते. आईच्या दम्यावर श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडचा उपचार नसताना मुलींच्या वारेत या विकराचे काम मंदावलेले, गर्भातील कॉर्टिसॉल वाढलेले आणि मुलीचे जन्मवजन घटलेले आढळले. मुलग्यांच्या बाबतीत अशी घट दिसली नाही. ते वाढतच राहिले. पण त्याच गर्भारपणात दम्याचा तीव्र झटका आला, म्हणजे पहिल्या ताणावर दुसरा ताण पडला, तर वाढ खुंटणे, मुदतीपूर्वी जन्म किंवा गर्भमृत्यू यांचा धोका मुलग्यांत अधिक दिसला. यावरून अशी मांडणी झाली की मुलीची वार संकटाची चाहूल लागताच वाढ थोडी आवरती घेते आणि शिल्लक राखते, तर मुलग्याची वार वाढीचा वेग सोडत नाही आणि म्हणून दुसऱ्या तडाख्याला तोंड द्यायला तिच्यापाशी काही उरत नाही.

मांडणी सुरेख आहे, आणि मुदतीपूर्वी जन्मणाऱ्या बाळांत मुलगे सुमारे ५५ टक्के असतात या सर्वपरिचित निरीक्षणाशी ती जुळतेही. तरीही ती वाचताना दोन पथ्ये पाळावीत. वार काही ठरवत नाही. ‘डावपेच’, ‘निवड’, ‘धोका पत्करणे’ हे शब्द समजावून सांगण्याच्या सोयीसाठी आलेले असतात आणि त्यांच्या जागी विकर, ग्राही रेणू, रक्तप्रवाह यांची नावे घालून वाक्य पुन्हा उभे राहते का, हे पाहावे. उभे राहिले तर त्यात जीवशास्त्र आहे. नाही तर नुसते कथन. दुसरे पथ्य असे की दम्यातील निष्कर्ष लठ्ठपणा, मधुमेह किंवा संसर्ग यांना आपोआप लागू करू नये. २०१० मधील उंदरांवरच्या एका प्रयोगात आईचा आहार बदलल्यावर जनुकांच्या कार्यात अधिक बदल मादी पिलांच्या वारेत झालेला दिसला. म्हणजे वाढ टिकवून धरणारा नर आणि प्रतिसाद देणारी मादी हे चित्र एका अर्थाने कायम राहिले, पण ‘कोणाला धोका अधिक’ याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

उंदीर आणि माणूस

अमेरिकन संशोधक ट्रेसी बेल यांच्या प्रयोगशाळेतील काम या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या कामांपैकी आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीला उंदरीला ताण दिला असता नर पिलांत पुढे ताणाला अतिरेकी प्रतिसाद देण्याची प्रवृत्ती दिसते, आणि त्यामागे ओजीटी या एक्स गुणसूत्रावरील जनुकाचा हात असल्याचे त्यांनी दाखवले. मादीच्या वारेत हे जनुक दोन्ही प्रतींतून चालते, त्याचे उत्पादन नराहून अधिक असते, आणि ते जनुकांवरील रासायनिक खुणांचा मोठा पट राखून ठेवते. येथे कारण आणि परिणाम यांची साखळी प्रयोगाने जोडलेली आहे. माणसांवरील निरीक्षणांत ती तशी जोडता येत नाही, हे या कामाचे बळ.

मर्यादा तितकीच ठळक आहे. उंदराच्या वारेत पित्याकडून आलेले एक्स गुणसूत्र ठरवून निष्क्रिय केले जाते. मानवी वारेत आईचे की पित्याचे हे प्रत्येक ठिकाणी यदृच्छेने ठरते आणि वारेत तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळे आढळते. ज्या गुणसूत्रावर सारा युक्तिवाद उभा आहे त्याच गुणसूत्राचे नियम दोन प्राण्यांत वेगळे असल्यामुळे, उंदरावरून माणसाकडे येताना प्रत्येक पायरी मानवी वारेत स्वतंत्रपणे तपासली आहे का, हे विचारावेच लागते.

नमुना शुद्ध होता का

हा भाग तांत्रिक आहे, पण थोडक्यात आटोपतो. वारेच्या कडेचा आणि मध्याचा तुकडा सारखा नसतो, म्हणून एकाहून अधिक ठिकाणचे तुकडे घेतले असावेत. प्रसूती होऊन नमुना गोठवेपर्यंत किती वेळ गेला ते नोंदलेले असावे, कारण आरएनए लवकर खराब होतो. प्रसूतिवेदना होऊन गेल्या होत्या की शस्त्रक्रियेने बाळ काढले, यानेही जनुकांचे कार्य बदलते. आणि लिंगभेदाच्या अभ्यासात एक खास सापळा असतो: मुलग्याच्या वारेच्या नमुन्यात आईच्या अस्तराचा अंश मिसळला तर त्यात स्त्रीपेशींची खूण उमटते. सुदैवाने ती पकडता येते. एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणारे एक्सआयएसटी हे जनुक पुरुषाच्या पेशींत जवळजवळ गप्प असते. मुलग्याच्या नमुन्यात ते ठळक दिसले तर भेसळ झाली असे समजावे. चांगल्या निबंधात ही तपासणी केल्याचा उल्लेख असतो.

वारेपासून म्हातारपणापर्यंत

आता त्या कच्च्या दुव्याकडे यावे. आयुष्यभराच्या आरोग्याविषयीच्या दाव्यात तीन जोड असतात: वारेत लिंगभेद आहे, त्या भेदामुळे गर्भाची घडण बदलते, आणि ती बदललेली घडण पुढे रोग घडवते. एखादा अभ्यास बहुधा यांपैकी एकच जोड तपासतो आणि उरलेले दोन इतरांच्या कामावरून घेतो. कोणता जोड स्वतः तपासला, हे निबंधाच्या समासात लिहून ठेवावे. स्किझोफ्रेनियाविषयीचा २०१८ मधील एक अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. त्यात आनुवंशिक धोका आणि गर्भारपण व जन्माच्या वेळच्या गुंतागुंती यांचा एकत्रित परिणाम तपासला गेला. ज्या जनुकांमुळे हा एकत्रित परिणाम दिसतो ती वारेत अधिक सक्रिय असल्याचे, आणि बिघडलेल्या गर्भारपणातील मुलग्यांच्या वारेत त्यांचे कार्य विशेष वाढल्याचे आढळले. दोन जोड एकाच अभ्यासात जुळवण्याचा हा गंभीर प्रयत्न आहे. तरी वारेतील जनुकांचे मोजमाप झालेली बाळे आणि पुढे आजारी पडलेली माणसे या येथेही वेगवेगळ्या व्यक्ती आहेत.

प्रौढांमधील लिंगभेदावरून मागे वारेकडे बोट दाखवणे हा याहून मोठा धोका. पुरुषांत हृदयविकार लवकर येतो हे खरे, पण दरम्यान संप्रेरके, तंबाखू, कामाचे स्वरूप, दवाखान्यात जाण्याची टाळाटाळ अशा पन्नास वर्षांच्या गोष्टी घडून गेलेल्या असतात. मुलांत स्वमग्नतेचे निदान मुलींपेक्षा अधिक होते, पण निदानाच्या कसोट्या कोणाकडे पाहून तयार झाल्या हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. वारेचा वाटा असेलही. तो किती, हे त्या अंतिम फरकावरून काढता येत नाही.

धोक्याचा आकार पाहताना टक्के आणि प्रत्यक्ष संख्या दोन्ही मागाव्यात. तीन कोटींहून अधिक जन्मांच्या माहितीवर आधारलेल्या २०१४ मधील विश्लेषणात मुलग्यांत मृतजन्माचा धोका सुमारे १० टक्के अधिक आढळला. प्रत्यक्ष प्रमाण होते मुलग्यांत दर हजारी ६.२३ आणि मुलींत ५.७४. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, एका कुटुंबाच्या दृष्टीने अतिशय लहान. तसेच मुलगा असताना आईला गर्भारपणातील मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी अधिक असल्याचे विश्लेषण आहे. आईचे वय, वजन आणि कुटुंबातील मधुमेह यांच्यापुढे हा वाटा नगण्य ठरतो. असे आकडे पेशींतील यंत्रणेकडे निर्देश करतात म्हणून मोलाचे. व्यक्तीचे भविष्य त्यांवरून वर्तवता येत नाही.

तपासणी-अहवाल हाती असेल तर

मुदतीपूर्वी प्रसूती, गर्भाची वाढ खुंटणे, तीव्र प्री-एक्लॅम्पसिया किंवा मृतजन्म अशा प्रसंगी वार तपासणीसाठी पाठवली जाते. अहवालात तिचे वजन, तीन दिशांची मापे, नाळ कोठे जोडलेली होती, रक्तपुरवठा तुटलेले भाग आणि दाह यांची नोंद असते. वजनाच्या पुढे ते त्या आठवड्यासाठी कमी, योग्य की जास्त हे लिहिलेले असते. नसल्यास डॉक्टरांना विचारावे, कारण नुसत्या ग्रॅमला अर्थ नाही. गर्भाच्या लिंगानुसार वेगळी औषधे किंवा वेगळी मात्रा देण्याची पद्धत आज नाही. मुदतीपूर्वी प्रसूती संभवत असताना बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला दिले जाणारे स्टेरॉइडही मुलगा-मुलगी न पाहता सारखेच दिले जाते. त्यामुळे वाचलेल्या निबंधावरून चालू उपचारात बदल सुचवू नये. दम्याची औषधे भीतीपोटी बंद करणे तर सर्वांत घातक, कारण वर सांगितलेल्या अभ्यासांत बाळाला अपाय दिसला तो अनियंत्रित दम्यात.

अहवाल फेकून मात्र देऊ नये. बाळाचे जन्मवजन, गर्भारपणाचे पूर्ण झालेले आठवडे, वारेचा अहवाल आणि आईच्या रक्तदाबाच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात आणि पुढे बालरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. आईनेही त्यांची एक प्रत स्वतःच्या कागदपत्रांत ठेवावी. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो, बाळ मुलगा असो वा मुलगी. वर्षातून एकदा रक्तदाब तपासताना डॉक्टरांना त्या नोंदीची माहिती असणे उपयोगाचे ठरते.